भिंतीची ओल आणि आपला हक्क

आपल्या कितीतरी जणींच्या लेकी ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत राहतात. पावसाळ्यात त्यांच्या घराच्या भिंतीला ओल धरते, काळी बुरशी येते, बाळाचा खोकला हटत नाही. वरून रंग मारून बुरशी जात नाही. आधी पाणी मुरणं थांबायला हवं.

बुरशीसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. पण रेरात नोंदलेल्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाच्या दोषामुळे गळती लागली, तर कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने ती फुकट दुरुस्त करायची असते. टाळाटाळ केली, तर महारेराकडे तक्रार करता येते. इमारत ३० वर्षांपुढची असेल, तर तिच्या मजबुतीची तपासणी महापालिकेकडे नोंदलेल्या इंजिनिअरकडून करून घेणं बंधनकारक आहे.

लेकीचा फोन आला, तर एवढं सांगा: रंगाआधी अर्ज लिही, फोटो जोड, पोच घे.