गाडी तापली, रेडिएटर फुटला: इंजिन शाबूत आहे का, कसं ओळखायचं?

बऱ्याच बचत गटांकडे आता स्वतःची गाडी असते. नवी नव्हे, जुनीच. कुणाची कमांडर, कुणाची मेजर, कुणाची फोर-व्हील जीप. ओढ्यातून, दगडगोट्यांच्या चढावरून वस्तीपर्यंत माल न्यायचा तर दुसरी गाडी टिकत नाही. पण उन्हाळ्यात भरल्या मालानं चढ चढताना रेडिएटर फुटतो, बॉनेटमधून वाफ येते, आणि कुणीतरी सांगतं, "ताई, इंजिन गेलं."

खरंच गेलं का? नुसता रेडिएटर दुरुस्त करणं आणि अख्खं इंजिन खोलणं, यांच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पैसा गटाचा आहे. म्हणून खात्री कशी करायची, ते आज आपण क्रमानं बघू.

आधी आत काय होतं ते समजून घेऊ. इंजिनाची उष्णता पाणी उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन थंड होतं. पाणी संपलं की उष्णता आतच कोंडते. बऱ्याच इंजिनांत खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्या ओढाताणीत हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जळतं. मग पाणी तेलात किंवा सिलिंडरमध्ये शिरतं. बिडाचं हेड असेल तर त्याला तडा जाण्याची भीती असते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. टेंपरेचरचा काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो. पाणीच निघून गेलं तर काटा खाली येऊ शकतो आणि आपल्याला वाटतं, गाडी थंड झाली. काट्यावर विसंबू नका. वाफ, करपट वास, गाडीची ओढ कमी होणं, यातलं काहीही जाणवलं तर लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "गाव जवळच आहे" म्हणून पुढे नेलेल्या दोन किलोमीटरांत इंजिन सीज होऊ शकतं.

गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. वाफ भरलेल्या कुकरचं झाकण आपण उघडतो का? तेच इथंही. उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, तडा जातो. हाताला गार लागेपर्यंत थांबा, मग तपासणीला लागा. आणि तपासणी होईपर्यंत "बघू चालू होते का" म्हणून स्टार्टर मारू नका.

पहिली तपासणी तेलाची. डिपस्टिक काढा. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा पातळी आपोआप वाढलेली असली, तर पाणी तेलात गेलंय. पावसाळ्यात तेलाच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस दमटपणानंही येतो, त्यामुळे नुसत्या फेसावरून घाबरू नका. खात्री करायची तर गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खालचा तेलाचा बोल्ट हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसतं. आधी पाणी टपकलं तर इंजिन अजिबात चालू करायचं नाही.

दुसरी, इंजिन हातानं फिरवणं. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून मेकॅनिककडून हीटर प्लग काढून घ्या आणि पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन फिरवा. एकसारखं फिरलं तर बरं. अडकलं, तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून पाणी आलं, तर गॅस्केट गेलंय किंवा तडा आहे. भोकांपासून तोंड लांब ठेवा.

तिसरी, पाणी कुठून गेलं ते शोधणं. गार इंजिनात पाणी भरा आणि खाली बघा. जाळी, पाइप, क्लिपा, पाण्याचा पंप, पंख्याचा पट्टा, सगळं बघा. नुसता पाइप फाटलेला असू शकतो.

चौथी, इंजिन चालू करून. वरच्या तपासण्या ठीक निघाल्या आणि गळती बंद केली, तरच ही करायची. गार इंजिन, झाकण उघडं, पाणी भरलेलं. सुरुवातीचे चार बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. पण बुडबुडे थांबतच नसतील, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. पाणी उसळू लागलं तर लांब व्हा आणि इंजिन बंद करा. थंडीत डिझेल गाडी थोडा पांढरा धूर सोडतेच. गरम झाल्यावरही दाट पांढरी वाफ येत राहिली आणि पाणी कमी होत गेलं, तर ते गॅस्केटचं लक्षण.

पाचवी, कॉम्प्रेशन. डिझेलला वेगळा, जास्त दाबाचा गेज लागतो. शेजारच्या दोन सिलिंडरांचं कॉम्प्रेशन कमी आलं, तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट जळलंय.

हे सगळं ठीक निघालं, तर इंजिन खोलायची घाई नको. रेडिएटर दुरुस्त करा, तेल बदला आणि काही दिवस रोज सकाळी पाणी-तेल बघा. हेड उतरवावंच लागलं, तर नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून वाक मोजायला लावा, तडा तपासायला लावा, मगच फेसिंग. खर्चाचा अंदाज आधी लेखी घ्या आणि काढलेले भाग परत मागा.

आता रेडिएटर का बिघडला तेही बघा. बोअरच्या जड पाण्यानं हंड्यात पांढरा थर बसतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत बसतो. शक्यतो कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर वापरा. "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही" असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका, बिघडला असेल तर नवा बसवा.

गाडीची एक वही करा. तेल कधी बदललं, पाणी किती घातलं, सगळं तारखेसह लिहा. पाणी वारंवार घालावं लागतंय हे वहीत दिसेल, आणि चढावर वाफ येण्याआधीच रेडिएटर दुरुस्तीला नेता येईल.