हॉटेलचं बिल आणि दोन पिढ्या

आधीच्या पिढीला हॉटेल म्हणजे पगार झाल्यावरचा मसाला डोसा. पैसे रोख, पाकीट हलकं झालं की हात आपोआप आखडायचा. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि तो लगाम सुटला. दोनशे-तीनशे करत किती गेले, हे महिनाअखेरीला कळतं. तरीही तरुणांना सरसकट उधळे म्हणणं अन्यायाचं आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहून उशिरापर्यंत काम करणाऱ्याला बाहेरचं जेवण ही चैन नसते. पण म्हातारपणासाठी बचत मात्र आता स्वतःच करायला हवी: 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सरकारी नोकरीत आलेल्यांना जुन्या पेन्शनऐवजी अंशदान योजना लागू झाली. खासगी नोकरीत तर तेवढाही भरवसा कमीच. म्हणून पगार जमा होताच आधी आवर्ती ठेव किंवा एसआयपी कापली जाऊ द्या, खाण्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. आणि बिलातला सर्व्हिस चार्ज सक्तीचा नसतो, नको असेल तर काढायला सांगा.