कारळे लिहा, कारले नको

शिवरे परिसरातून खरिपाच्या बियाण्याची मागणी ग्रुपवर येतेय. त्यात कुणी 'कारले' लिहितं, कुणी 'काळे तीळ', तर कुणी 'कलौंजी'. म्हणायचं असतं कारळे! घाईत ळ ऐवजी ल दाबला, की मागणी कारल्याच्या वेलाची होते.

कारळे म्हणजेच आपली खुरासणी, वरकसावर पिवळी फुलणारी. तिलाच रामतीळही म्हणतात. नावांच्या अर्थावर मात्र जाऊ नका. खुरासान हा इराणकडचा मुलूख, पण पीक मूळचं इथिओपियाचं. आणि रामतीळ म्हटलं तरी तो तीळ नव्हेच, सूर्यफुलाच्या कुळातला आहे. हमीभावही वेगळा: २०२५-२६ साठी कारळे ९,५३७ रुपये क्विंटल, तीळ ९,८४६.

पिशवी फोडली की बी हातावर घेऊन बघा. कारळ्याचं बी बारीक, लांबट, काळं चकचकीत असतं. तीळ चपटा, थेंबासारखा. कलौंजी कोनदार, बिनचमकीची, कांद्याच्या बियासारखी दिसते. ते झाडच निराळं.

अजून एक. दुकानात नुसतं 'खुरासनी द्या' म्हणू नका. खुरासनी ओवा नावाची वेगळी वनस्पती आहे आणि ती विषारी आहे. चटणीच्या खुरासणीशी तिचा काही संबंध नाही.

मागणी पाठवताना 'कारळे (खुरासणी)' अशी दोन्ही नावं आणि किलो लिहा. टाइप करायला जमत नसेल तर बोलून पाठवा, चालेल. ज्यांनी आधीच 'कारले' लिहून पाठवलंय, त्यांनी आजच दुरुस्त करून पुन्हा टाका.