दुसरी मोटार

रोगावर औषध द्यावें आणि त्या औषधानेंच रोग बळवावा, असा अनुभव वैद्यकांत येतो तसा राज्यकारभारांतहि येतो. मेक्सिको शहराची हकीकत या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें २२४० मीटर उंचीवर, डोंगरांनीं वेढलेल्या खोलगट प्रदेशांत वसलें आहे. उंचीमुळें हवा विरळ, म्हणून इंधन पुरतें जळत नाहीं. आणि डोंगरांमुळें धूर सहजासहजीं बाहेर पडत नाहीं. अशा ठिकाणीं मध्यम वर्गाच्या हातीं पैसा आला व घरोघर मोटारी झाल्या, तेव्हां श्वास घेणेंहि जिकिरीचें व्हावें यांत नवल नाहीं.

सरकारनें १९८९ च्या नोव्हेंबरांत एक नियम केला. मोटारीच्या क्रमांकाचा शेवटचा आंकडा पाहून तिला आठवड्यांतील एक वार वर्ज्य ठरविला. कामाच्या दर दिवशीं दोन आंकडे बंद. म्हणजे पंचमांश मोटारी घरीं राहाव्यात, असा हिशेब. कागदावर तो चोख होता. पण माणसाचा स्वभाव त्यांत धरलेला नव्हता. अनेक कुटुंबांनीं निराळ्या आंकड्याची दुसरी मोटार घेतली. ती पुष्कळदां जुनी, स्वस्त, आणि म्हणूनच अधिक धूर ओकणारी! शिवाय एकदां दारांत आलेली गाडी बंदीच्या वारापुरतीच थोडी बाहेर निघते? लुकास डेव्हिस या अर्थशास्त्रज्ञाच्या २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या नियमानें हवा सुधारल्याचा पुरावा आढळला नाहीं. मोटारी मात्र वाढल्याचें दिसलें.

दिल्लीनें २०१६ च्या जानेवारींत व एप्रिलांत सम-विषम आंकड्यांचा असाच प्रयोग केला. तो पंधरवड्यापुरता होता. कायमचा झाला असता तर सुखवस्तु घरांनीं काय केलें असतें, हें मेक्सिकोनें आधींच सांगून ठेवलें आहे.

मग उपाय कोणता? मेक्सिकोनेंच पुढें २००५ सालीं इन्सुर्हेंतेस या आपल्या लांबलचक राजमार्गावर बसगाड्यांसाठीं स्वतंत्र पट्टा राखला. मोटार घरीं ठेवा, एवढेंच सांगून भागत नाहीं. ती ठेवल्यावर कशानें जावें, हेंहि दाखवावें लागतें. एकट्या माणसाला नेणारी मोटार आणि साठ जणांना नेणारी बस यांना रस्ता सारखाच देणें, हा न्याय नव्हे.

हा प्रश्न दूरदेशींचा समजून पान उलटूं नये. पुण्यामुंबईच्या गल्ल्यांतहि एकेका घरापुढें दोन-दोन गाड्या उभ्या असतात. पदपथ त्यांच्याखालीं जातो आणि औषध आणावयास निघालेल्या आजोबांना भर रहदारींतून चालावें लागतें. ते आजोबा बहुधा त्यांपैकींच एका गाडीच्या मालकाचे असतात. पहिली मोटार कदाचित् गरजेची असेल. दुसरी घेण्यापूर्वीं घरांतील वडील माणसाचा हात धरून एकदां कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालून यावें. त्या शंभर पावलांत पुष्कळ कांहीं कळेल.