पीसी सारखा क्रॅश होतोय? फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा आणि वॉरंटीत बदलून घ्या

पीसी मध्येच निळी स्क्रीन दाखवून रीस्टार्ट होतो, गेम अचानक बंद पडतो, डाउनलोड केलेली झिप फाइल उघडताना एरर येतो. दुकानात नेला की पहिला सल्ला ठरलेला असतो, "विंडोज फॉरमॅट मारून बघू." दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच सुरू होतं.

अशा वेळी एक संशयित बऱ्याचदा सुटून जातो, तो म्हणजे रॅम. एआय डेटा सेंटरची मागणी वाढल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धापासून रॅमच्या किमती भरमसाट वाढल्या आहेत. त्यामुळे "जाऊ दे, नवीन घेऊ" म्हणणं आता महागात पडतं. पण अनेक नामांकित ब्रँड रॅमवर लिमिटेड लाइफटाइम किंवा बऱ्याच वर्षांची वॉरंटी देतात. तिचा फायदा घ्यायचा तर दोष कुठल्या स्टिकमध्ये आहे, हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे. ते कसं करायचं, हे आज पाहूया.

रॅम बिघडते म्हणजे नेमकं काय होतं?

८ जीबी रॅममध्ये सुमारे ६,८७१ कोटी बिट असतात. प्रत्येक बिट म्हणजे विद्युतभार साठवणारा एक सूक्ष्म कपॅसिटर. हा भार सतत गळत असतो, म्हणून तो दर काही मिलिसेकंदांनी पुन्हा भरावा लागतो. यातला एखादा कण कमजोर झाला की तिथे ठेवलेला १ वाचताना ० होतो.

आता गंमत बघा. त्या खराब जागी ब्राउझरमधल्या एखाद्या फोटोचा तुकडा आला, तर फार तर एक ठिपका चुकीच्या रंगाचा दिसेल. तिथेच विंडोजचा महत्त्वाचा कोड आला, तर पूर्ण पीसी बसतो. म्हणूनच हा बिघाड कधी दिसतो, कधी गायब होतो, आणि दुकानदार म्हणतो, "इथे तर व्यवस्थित चालतोय!"

फॉरमॅटने हे का सुटत नाही, तेही यावरून कळतं. नवीन विंडोजसुद्धा त्याच रॅममधून जाऊन डिस्कवर लिहिलं जातं. कधी कधी इन्स्टॉलेशनच अर्धवट अडकतं.

सगळ्यात आधी डेटा सांभाळा

फाइल कॉपी होतानाही डेटा रॅममधून जातो. म्हणजे फोनमधले फोटो पीसीवर घेताना एखादी फाइल गुपचूप खराब होऊ शकते, आणि ते महिन्यांनी कळतं. त्यामुळे संशय आल्यापासून दोन गोष्टी पाळा:

- फोटो पीसीवर टाकून फोनमधून डिलीट करू नका.
- जुन्या बॅकअपवर नवीन बॅकअप लिहू नका. फारच गरज असेल तर डिस्क दुसऱ्या पीसीला जोडून डेटा काढा.

पायरी १ : विंडोजची स्वतःची टेस्ट

स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' इंग्रजीत टाइप करा आणि रीस्टार्टचा पर्याय निवडा. टेस्ट सुरू झाल्यावर एफ१ दाबलं की एक्स्टेंडेड हा सखोल पर्याय मिळतो. तो वेळखाऊ आहे, रात्री लावून झोपा. निकाल लॉगिन झाल्यावर नोटिफिकेशनमध्ये येतो. तो दिसला नाही तर इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमवर जा आणि मेमरी डायग्नोस्टिक्स रिझल्ट्स ही नोंद शोधा.

इथे एरर आला तर रॅमवरचा संशय पक्का समजा. पण "एरर नाही" म्हणजे रॅम ठणठणीत, असं मात्र नाही.

पायरी २ : मेमटेस्ट

खरी परीक्षा इथे होते. मेमटेस्ट८६ची मोफत आवृत्ती किंवा ओपन सोर्स असलेलं मेमटेस्ट८६ प्लस, दोन्ही चालतील. अधिकृत साइटवरून डाउनलोड करून पेनड्राइव्हवर टाका (पेनड्राइव्हमधलं सगळं पुसलं जाईल) आणि पीसी त्यावरून बूट करा. विंडोज मध्ये नसल्यामुळे जवळपास सगळी रॅम तपासली जाते. प्रोग्रॅम वेगवेगळे नमुने लिहितो, परत वाचतो आणि जुळवून पाहतो.

टेस्टआधी हे दोन मुद्दे बघा:

- बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो सुरू असेल तर बंद करा. या सेटिंगमुळे रॅम बेसिकपेक्षा जास्त वेगाने चालते. एरर फक्त ती सुरू असतानाच येत असतील, तर दोष प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा सेटिंगचाही असू शकतो.
- पेनड्राइव्हवरून बूट होण्यासाठी सिक्युअर बूट बंद करावं लागलं, तर आधी बिटलॉकरची रिकव्हरी की जवळ ठेवा. नाहीतर विंडोज नंतर तीच मागत बसेल.

किमान चार फेऱ्या होऊ द्या. इथे पासिंग मार्क नसतात. बेसिक वेगावर एक एरर आला तरी शोध पुढे न्यायचा.

पायरी ३ : दोषी स्टिक कोणती?

माझ्या पीसीत ८-८ जीबीच्या दोन स्टिक होत्या. दोन्ही लावून टेस्ट केली तेव्हा लाल ओळींचा पाऊस पडला. पण त्यावरून एवढंच कळलं की गडबड आहे. स्टिक खराब की मदरबोर्डचा स्लॉट, हे त्यातून कळत नाही. म्हणून मी असं केलं:

१. पीसी बंद करून भिंतीवरचं बटण बंद केलं, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवलं आणि अंगातली स्थिर वीज जावी म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावला.
२. पहिली स्टिक एकटीच, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावली. चार फेऱ्या, शून्य एरर.
३. त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक लावली. पहिल्याच फेरीत एरर.
४. दुसरी स्टिक वेगळ्या स्लॉटमध्ये लावली. पुन्हा एरर.

एरर स्टिकबरोबर फिरतोय, म्हणजे दोष स्टिकचा. दोन्ही स्टिक एकाच स्लॉटमध्ये एरर देत असतील, तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरकडे बघा. कधी कधी स्टिक फक्त नीट बसलेली नसते. काढून, 'टक' आवाज येईपर्यंत दाबून लावली की काम होतं.

प्रत्येक टेस्टचा मोबाईलने फोटो काढा. फोटोत एररचा आकडा दिसू द्या, आणि स्टिकवरच्या सीरियल नंबरचा वेगळा फोटो घ्या.

पायरी ४ : वॉरंटी क्लेम

रॅम सुटी घेतली असेल तर दुकानदाराकडे किंवा ब्रँडच्या साइटवर क्लेम करता येतो. बदलून देण्याच्या या प्रक्रियेला आरएमए म्हणतात. तयारी अशी ठेवा:

- जीएसटी बिल. कच्च्या पावतीवर बरेच जण अडतात. बिलाचा फोटो आजच ड्राइव्हवर टाकून ठेवा.
- स्टिकर शाबूत हवा. तो फाटला, किंवा स्टिक जळली-तुटली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.
- दोन स्टिकची किट असेल तर कंपनी सहसा दोन्ही परत मागते, कारण जोडी एकत्र तपासलेली असते. तेवढे दिवस पीसी कसा चालवायचा, याची सोय आधीच बघा.
- परदेशातून आणलेल्या रॅमला काही ब्रँड इथे सेवा देत नाहीत. अटी वाचा.

मी मेलमध्ये चारच ओळी लिहिल्या: कोणती स्टिक, कोणत्या स्लॉटमध्ये, किती फेऱ्या, किती एरर. सोबत फोटो आणि बिल. "विंडोज पुन्हा टाकून बघा" हे उत्तर आलंच नाही, थेट पाठवायचा पत्ता आला. दोन्ही स्टिक बदलून मिळाल्या. बदली स्टिक कधी कधी रिफर्बिश्ड असते, म्हणून आल्या आल्या तिचीही मेमटेस्ट करा.

क्रुशिअलची रॅम असलेल्यांसाठी एक गोष्ट. मायक्रॉनने डिसेंबर २०२५मध्ये हा ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याचं जाहीर केलं, पण वॉरंटी सेवा सुरू ठेवणार असंही सांगितलं. त्यामुळे बिल फेकू नका.

योग्य क्लेम असूनही कोणी टोलवाटोलवी केली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. तिथेही फोटो, बिल आणि मेलच कामाला येतात.

आणि मोबाईल, लॅपटॉपचं काय?

फोनमधली रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, स्टिक काढून बदलण्याचा प्रश्नच नाही. तिथे पूर्ण बोर्डच बदलला जातो, म्हणून फोन वॉरंटीत असतानाच सर्व्हिस सेंटर गाठा. 'व्हर्च्युअल रॅम' म्हणजे स्टोरेजचा उसना घेतलेला भाग, खराब रॅमवर तो उपाय नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्येही रॅम सोल्डर केलेलीच असते. तिथे टेस्टचे फोटो काढा, पण लॅपटॉप स्वतः उघडू नका, थेट कंपनीकडे द्या.

तर पुढच्या वेळी कोणी "फॉरमॅट मारू" म्हटलं, की त्याला सांगा, "आधी एक रात्र मेमटेस्ट चालू दे!"