दीर्घकालीन स्वयंसेवा आणि उच्च शिक्षणातील प्रवेश : राष्ट्रीय सेवा योजनेच्या संदर्भात

प्रस्तावना :
महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजनेचा प्रारंभ झाला. समाजसेवेतून विद्यार्थ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास हे तिचे उद्दिष्ट होय. ग्रामगीतेच्या कर्त्याचे नाव २००५ पासून धारण करणाऱ्या नागपूर विद्यापीठाच्या परिसरात या उद्दिष्टाला विशेष अर्थ आहे. तथापि, या सेवेचा पुढील प्रवेशासाठी कितपत उपयोग होतो, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न प्राध्यापकांना टाळता येत नाही.

प्रवेशप्रक्रियेतील स्थान :
वैद्यकीय प्रवेश ‘नीट’च्या, तर अभियांत्रिकी प्रवेश प्रामुख्याने सामाईक प्रवेश परीक्षेच्या गुणांवर होतात. तेथे स्वयंसेवेला स्वतंत्र गुण नाहीत, हे विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. याउलट जेथे लेखी परीक्षेसोबत मुलाखत किंवा निवेदन असते, तेथे सेवेचा अनुभव विचारात येऊ शकतो. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात कमाल दहा उपक्रम नोंदविता येतात. प्रत्येकासमोर आठवड्याचे तास व वर्षातील आठवडे लिहावे लागतात. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानेही तात्पुरत्या उपक्रमांपेक्षा किमान वर्षभर चालणाऱ्या सेवेचा पुरस्कार केला.

तास आणि सातत्य :
योजनेत स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित कार्य व एक निवासी विशेष शिबिर पूर्ण करणे अपेक्षित असते. समजा, एका विद्यार्थ्याने प्रासंगिक फेऱ्या व दिनविशेषांतून हे तास भरले. दुसऱ्याने दत्तक गावातील मुलांना दोन वर्षे दर शनिवारी शिकविले, शाळा सोडलेल्यांच्या घरी जाऊन पालकांशी संवाद साधला. दोघांचे प्रमाणपत्र मात्र सारखेच असते. मुलाखतीत पहिला कार्यक्रमांची यादी सांगतो. दुसरा एक प्रश्न, त्यावर केलेले प्रयत्न आणि त्यातील अपयशही सांगू शकतो. दीर्घकालीन सेवेचा खरा लाभ हाच आहे. तो अर्जाच्या रकान्यातून नव्हे, तर उमेदवाराच्या समजुतीतून प्रकट होतो.

प्राध्यापकांची जबाबदारी :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या अभ्यासक्रमांत समाजसंपर्काच्या कार्याला श्रेयांकांचे स्थान मिळाले आहे. त्यामुळे सेवेची प्रतिष्ठा वाढेल. त्याचबरोबर केवळ कागदोपत्री तास भरण्याचा मोहही वाढेल. न केलेल्या कामावर होणारी स्वाक्षरी प्रामाणिक स्वयंसेवकाच्या प्रमाणपत्राचेही मोल घटविते. म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्याने उपस्थितीबरोबर कामाचे स्वरूप, कालावधी व विद्यार्थ्याची निरीक्षणे नोंदवहीत घ्यावीत आणि शिफारसपत्र त्याच आधारे लिहावे.

निष्कर्ष :
दीर्घकालीन स्वयंसेवा प्रवेशाची हमी देत नाही. मात्र निवडीत व्यक्तीचा विचार होतो तेथे ती निश्चितच साहाय्यभूत ठरते. केवळ प्रवेशासाठी केलेली सेवा बहुधा अर्जाबरोबरच संपते. सातत्याने केलेली सेवा प्रवेश न मिळाल्यासही विद्यार्थ्याजवळ राहते, आणि गावाजवळही.