नदीतले नत्र कोणाचे?

उन्हाळ्यात हिरण्यकेशीची धार बारीक झाली आणि बंधाऱ्यात तुंबलेले पाणी कुठे हिरवट दिसू लागले, की आपल्याकडे एक वाद हमखास निघतो. दोष कोणाचा? शेतकरी म्हणतो, गावच्या गटाराचा. गावकरी म्हणतो, उसाला टाकलेल्या युरियाचा. खालचा वरच्याकडे बोट दाखवतो. त्यात ही नदी आंबोलीला उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरला येते. म्हणजे उगम महाराष्ट्रात आणि आपण कर्नाटकात. मग बोट दाखवायला सीमाही सापडते.

मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. नद्यांचा धडा आला की विद्यार्थी हाच प्रश्न विचारतात, ‘सर, नक्की कळायला काही मार्ग नाही का?’ मार्ग आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

पाणी हिरवे करणाऱ्या शेवाळाला स्फुरदाइतकीच नत्राची भूक असते. मराठीत नत्र, कन्नडात सारजनक. हवेत ते ७८ टक्के आहे. पण सगळे नत्र एकसारखे नसते. हजार अणूंपैकी सुमारे ९९६ हलके म्हणजे १४ वजनाचे असतात, आणि चारेक किंचित जड म्हणजे १५ वजनाचे. यांना समस्थानिके म्हणतात. मास स्पेक्ट्रोमीटर नावाचे यंत्र दोघांचे प्रमाण अचूक मोजते. हवेतले प्रमाण शून्य धरायचे. जड नत्र त्याहून एक टक्का जास्त भरले, तर आकडा दर हजारी दहा.

आता गंमत पाहा. युरिया कारखान्यात हवेतल्याच नत्रापासून तयार होतो, म्हणून त्याचा आकडा शून्याच्या आसपास राहतो. शेणामुताचे तसे नाही. सकाळी गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो वास अमोनियाचा. त्या वासाबरोबर हलके नत्र जास्त उडून जाते आणि जड मागे उरते. त्यामुळे उकिरडा म्हणा, तिप्पे म्हणा, किंवा गावचे सांडपाणी म्हणा, त्यातून झिरपणाऱ्या नायट्रेटचा आकडा बहुधा दहा ते वीसपर्यंत चढतो. मातीतले नत्र या दोहोंच्या मधे असते.

मग पाण्याची बाटली भरून प्रयोगशाळेत धाडली की लागला निकाल? इतके सोपे असते तर काय हवे होते! अमेरिकेत इलिनॉय राज्यात मक्याच्या पट्ट्यातून सँगॅमॉन नदी वाहते. बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली याच पद्धतीने अंदाज काढला, की वसंतात तिथल्या पाण्यातले निम्म्याहून अधिक नायट्रेट रासायनिक खतातून येते. मृदाशास्त्रज्ञांनी लगेच आक्षेप घेतला. खत मातीत पडल्यावर जिवाणू त्यावर काम करतात आणि वाटेतच आकडा बदलतो, असे त्यांचे म्हणणे होते.

जिवाणू आकडा किती बदलू शकतात, हे आपल्या शेजारीच दिसले. चंदगडवरून तिलारी घाट उतरला की दोडामार्ग तालुक्यात तिलारीचे धरण लागते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील प्रतिरूपा बर्धन, डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांनी त्या जलाशयाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. सह्याद्रीच्या पायथ्याचे हे पाणी तसे निर्मळ. प्राणवायू भरपूर असताना तिथल्या नायट्रेटचा आकडा दोन ते दहा होता. पण उन्हाळ्याच्या तोंडावर वरचे पाणी तापून हलके होते, तळाचे गारच राहते, दोन्ही मिसळत नाहीत आणि तळाचा प्राणवायू संपतो. तेव्हा जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरू लागतात. ते हलके नत्र आधी उचलतात. उरलेल्याचा आकडा चढत चढत २७ पर्यंत गेला! नुसता हा आकडा पाहून कोणी म्हणेल, वर मोठे गटार असणार.

म्हणून शास्त्रज्ञ दुसरा साक्षीदार बोलावतात, तो नायट्रेटमधला प्राणवायू. जिवाणूंनी नायट्रेट फस्त केले असेल तर त्याचाही आकडा नत्राबरोबर चढतो. तिलारीत तो २९ पर्यंत पोचला. नुसत्या सांडपाण्याने तो असा चढत नाही. शिवाय पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी वरखाली घुसळून निघते, तेव्हा चित्र पुन्हा पालटते. म्हणजे नमुना एका दिवसाचा नको, वर्षभराचा हवा. एका ठिकाणचा नको, उगमापासून खालपर्यंतचा हवा. सीमेवर येऊन थांबलेले मोजमाप अर्धेच ठरेल.

हे सारे शेवाळापुरतेच नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक आहे. ते जास्त असेल आणि त्या पाण्यात कालवलेले पावडरचे दूध सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला दिले, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून अंग निळसर पडू शकते. माता-भगिनींनी ध्यानात ठेवावे, पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटते तसे ते दाट होते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांनी नायट्रेटची तपासणी करून घ्यावी. तिला समस्थानिकांच्या यंत्राची गरज नसते.

आणि दोष ठरेपर्यंत हात बांधून का बसायचे? २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, तो नत्र हळूहळू सुटावे म्हणूनच. तरी पोत्यामागून पोते एकदम टाकून पाटाने मोकाट पाणी सोडले, तर लेप बिचारा काय करणार? खत हप्त्याहप्त्याने द्यावे. उकिरडा विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, खड्ड्यात असावा. गटाराचे पाणी नदीत सोडण्याआधी शुद्ध व्हावे, हा आग्रह नगरपालिकेकडे आपणच धरायचा.

नदीच्या पाण्यात गडहिंग्लजचे नत्र आणि संकेश्वरचे नत्र वेगळे राहत नाही. यंत्र फार तर खताचे किती आणि शेणाचे किती, एवढे सांगेल. पण दोन्ही आपल्याच शेतातून आणि दारातून गेलेले असते.